शिट्टी, नेलकटर आणि ठमाबाईंचा पदर

कबड्डीच्या पंचाच्या पिशवीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे शिट्टी, असा लोकांचा समज असतो. शिट्टी विसरली तर दोन बोटं तोंडात घालून निभावता येतं, आणि एका पाड्यावरच्या सामन्यात मी ते निभावलंही आहे. पण नेलकटर विसरलं तर सामना सुरूच करता येत नाही. सात आणि सात चौदा मुली, म्हणजे नखं किती ते तुम्हीच मोजा. त्यातली निम्मी मुलींनी घरून कापून आणलेली असतात. उरलेली माझ्या वाट्याला.

पोटापाण्यासाठी मी शहापुरातल्या एका शाळेत कारकुनी केली. पण गावोगाव मला ओळखतात ते शिट्टीबाई म्हणून. शनिवार-रविवार, जत्रा, उत्सव, कुणाच्या तरी स्मरणार्थ भरवलेले चषक, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जिथे म्हणून मुलींची कबड्डी झाली तिथे बहुतेक मी उभी होते. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मीही दिला. नाहीतर मी काही स्वतःहून मैदान सोडणारी नव्हते.

एकदा मात्र सोडलं होतं. शाळेत असताना मीही खेळायचे. डाव्या कोपऱ्यावर उभी राहायचे आणि घोटा धरला की सोडायचे नाही. लग्न झालं आणि खेळ संपला. मला कुणी 'खेळू नकोस' म्हटलं नाही हो. मीच विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मुळी कुणाला ठाऊक नव्हतं, मलासुद्धा. लेक शाळेत जायला लागल्यावर पंचांची परीक्षा दिली, कारण मैदानात शिरायला तेवढंच एक दार उघडं दिसलं. त्या दारातून शिरले आणि आत गेल्यावर कळलं की इथे ओरडायला बंदी आहे. पंचाला आवडता संघ नसतो, आवडती खेळाडू नसते. एखाद्या पोरीने चौघींच्या पकडीतून अंग सोडवून घेतलं की काळीज उड्या मारतं, पण चेहरा रेशनच्या दुकानातल्या माणसासारखा ठेवायचा आणि बोटं वर करून गुण द्यायचे. इतकी वर्षं मी तोंडात शिट्टी धरून उभी राहिले, ती निम्मी स्वतःचं तोंड बंद ठेवण्यासाठीच.

सामन्याआधीची तपासणी ही आमच्या धंद्यातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात गमतीची गोष्ट. नियम सोपा आहे. नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको, अंगावर दागिना नको. नखाने समोरचीला ओरखडा जातो, तेलाने पकड निसटते, आणि दागिन्याचं पुढे सांगतेच. मुली रांगेत उभ्या राहून हात पुढे करतात. भातलावणीनंतरच्या दिवसांत तर त्या हातांकडे बघून मलाच वाटायचं, यांना खेळायला नको, झोपायला पाठवावं. एका संघाच्या सगळ्या पोरी तेलाने चमकत होत्या. विचारलं तर मास्तर म्हणाले, थंडीत अंग फुटतं ना बाई. थंडीत अंग फुटतं हे खरं, पण ते फक्त पोटऱ्यांवरच कसं फुटतं? मी सगळ्यांना बोअरिंगवर नेलं आणि चुलीतली राख लावून पाय धुवायला लावले. मास्तर हापशी मारत होते.

दागिन्यांच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नसे, आणि त्याला कारण होतं. एकदा काचेच्या बांगडीचा तुकडा एका पोरीच्या भुवईखाली घुसला. डोळा वाचला तो केवळ तिच्या नशिबाने. आणि एकदा, मी प्रेक्षकांत बसलेली असताना, एका कनवाळू पंचाने नव्या नवरीला मंगळसूत्र घालून खेळू दिलं. वरून चिकटपट्टी लावली होती. पहिल्याच पकडीत पट्टी एकीकडे आणि मणी दुसरीकडे. सामना थांबला आणि दोन्ही संघ गुडघ्यांवर बसून मातीतून काळे मणी वेचायला लागले. ती पोर मध्ये उभी राहून रडत होती. तिचा नवरा दोरीपलीकडून 'अगं, मी हाय ना गो, मी हाय ना' म्हणत होता, पण तिला काही ऐकू जात नव्हतं. त्या दिवसापासून मी ठरवलं की माझ्या मैदानात हे होणार नाही.

आता लग्न झालेल्या बाया खेळायला येतच नसत, त्यामुळे माझा हा बाणा बरीच वर्षं फुकटातच टिकला. मग म्हशाच्या जत्रेत त्याची परीक्षा झाली.

म्हशाची जत्रा पौषातली. एकीकडे बैलांचा बाजार, एकीकडे घोंगड्यांची दुकानं, आणि त्यांच्या पलीकडे माती चाळून, पाणी मारून, चोपून तयार केलेलं कबड्डीचं मैदान. त्या वर्षी मुलींच्या सामन्यांना जिल्ह्याच्या संघासाठी निवड करणारी मंडळी येऊन बसली होती. आणि एक संघ आला तो वैशाखऱ्याकडचा. मैदानात उतरलेल्या सातही जणी सुना!

त्यांची म्होरकी सुरेखा. हिला मी ओळखत होते. माहेर टोकावड्याचं. शाळेत असताना तिची चढाई बघायला शेजारच्या गावांतली माणसं यायची. पाय असा टाकायची की समोरची पोर आपला घोटा मागे घेईपर्यंत ही मध्यरेषा ओलांडून परत गेलेली. बारावी झाली, लग्न झालं, वैशाखऱ्याला गेली, मूल झालं. मी मनात म्हटलं, चला, आणखी एक माझ्या रांगेत आली. पण ही माझ्यापेक्षा शहाणी निघाली. तिने विचारलं. सासऱ्यांना, नवऱ्याला, सगळ्यांत शेवटी सासूला. भात झोडून झालं की रिकाम्या खळ्यात वाडीतल्या सुना जमवून सराव करायची. जिल्ह्याकडून पुढे राज्याला खेळली तर खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलीस भरतीला उभं राहता येणार होतं. भरतीच्या वयाचं तिचं शेवटचं वर्ष हातात होतं. हे सगळं तिने मला तपासणीच्या रांगेत हात पुढे करून, नखं कापून घेता घेता सांगितलं.

मी सातही गळ्यांकडे पाहिलं. काळ्या मण्यांची पोत, दोन वाट्या, सगळ्यांची सारखीच.

"पोत काढा," मी म्हटलं.

सहा जणींनी सुरेखाकडे पाहिलं आणि सुरेखाने दोरीपलीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या सासवा बसल्या होत्या. जत्रेला यायचंच होतं, म्हणून सुनांबरोबर आल्या होत्या. त्यातली मधली उठली. ठेंगणी, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ही सुरेखाची सासू, ठमाबाई.

"काय झाला गो?"

"आत्या, पोत काढायला सांगतात."

ठमाबाई दोरीखालून वाकून सरळ मैदानात आल्या. "बाय, माझा पोरगा जिता हाय. सुनेचा गळा उघडा नाय ठेवाचा आमी."

मी नियम सांगितला. भुवईतला काचेचा तुकडा सांगितला. मातीत वेचलेले मणीही सांगितले. मणी ऐकल्यावर त्या दचकल्या, पण हलल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, चिकटपट्टी लावा. मी म्हटलं, पट्टीचा पराक्रम मी पाहिलाय. समोर शहापूरकडच्या कॉलेजच्या मुली उभ्या राहून अंग गरम करत होत्या. वेळेत मैदानात उतरला नाही तर संघ बाद. सुरेखा नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला आजही आठवतं. एका बाजूला सासू, एका बाजूला मी, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर.

ठमाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टीची दोरी.

"आन तुमचा मालक?"

"आहेत की. शहापुरात. आत्ता वरणाला फोडणी घालत असतील."

दोरीपलीकडच्या बाया हसल्या. ठमाबाई हसल्या नाहीत. "मंग तुमची पोत कुठंशी हाय?"

शिट्टीच्या दोरीत पोत अडकते, म्हणून मी ती सामन्याआधी काढून ठेवायची. मी पिशवी उघडून दाखवली. नेलकटर, खडू, आयोडीनची बाटली, आणि त्यांच्याबरोबर माझी पोत.

ठमाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो बाय माझे! नखां कापाच्या कात्रीसंगती? अशी ठेवतात? पोत पिशवीत नाय टाकाची, भुईला नाय ठेवाची. ती मानसाच्या अंगावर राह्यला पायजे."

"कुणाच्या अंगावर?"

त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पदराकडे. मग त्यांनी माझी पोत पिशवीतून उचलली, पदर पसरला आणि त्यात ठेवली. "आन गो सुरेखा तुझी. आना गो सगल्याजनी."

म्हणजे अडलं होतं ते काढण्यापाशी नव्हतंच, ठेवण्यापाशी होतं! इतकी वर्षं नियम सांगणाऱ्या मला ही साधी गोष्ट सुचली नव्हती. सात सुनांच्या पोती निघाल्या, त्यांत आठवी माझी. सगळ्या ठमाबाईंच्या पदरात, कारण बाकीच्या सासवा म्हणाल्या, तुजीच सून म्होरकी, तूच धर. बांगड्यांसाठी जत्रेतली कासारीण हजर होतीच. तिने एकही न पिचता हातांतून उतरवल्या आणि परत जाताना मला सांगून गेली की सामना संपल्यावर नव्या भरायला माझ्याकडेच पाठवा. मी शिट्टी फुंकली.

सामना कसा झाला ते मी पंच म्हणूनच सांगते. कॉलेजच्या मुली तरबेज होत्या, त्यांच्या हालचाली शिकवलेल्या होत्या. सुना दमदार होत्या, डोक्यावरून पाण्याचे हंडे आणणाऱ्या माना आणि पाठी होत्या. मध्यंतरापर्यंत सुना मागे पडल्या. मग सुरेखाला जुने पाय सापडले. शेवटच्या चढाईला गुण सारखे होते आणि ती एकटी आत गेली. एकीला हात लावला, परत फिरली, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पोरीने घोटा धरला आणि आणखी दोघी तिच्या अंगावर पडल्या. ती खाली होती आणि दम चालूच होता. कबड्डी, कबड्डी, आवाज मातीतूनच येत होता. एक हात पुढे आला. मी मध्यरेषेवर वाकले होते. बोटांची टोकं रेषेपलीकडे टेकली. नखं मीच कापली होती, नाहीतर आणखी आधी टेकली असती.

मी शिट्टी मारली आणि बोटं वर केली. पकडीतल्या सगळ्या बाद.

आणि मग मी जे पाहिलं ते कुठल्याही नियमात बसत नाही. ठमाबाई उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या नाही, उडालेल्या. दोन्ही हात वर, "माझी सून! माझी सून!" आणि पदरातल्या आठही पोती भुईवर!

सासवा एकमेकींवर पडत गोळा करायला लागल्या. ही तुझी, ही माझी, नाय गो ही लांब हाय. ठमाबाई हसत होत्या, रडत होत्या आणि कपाळाला माती लावून घेत होत्या. निवड करणाऱ्यांनी सुरेखाला बोलावून नाव विचारलं. माझा पुढचा सामना लागला होता. कुणीतरी माझ्या हातात एक पोत दिली, ती मी खिशात घातली आणि परत मैदानात गेले.

घरी आल्यावर कळलं. माझ्या पोतीची एक वाटी चेपलेली होती. लेकीला दात येत होते तेव्हा तिने चावून चावून चेपली होती, आणि मी ती कधीच नीट करून घेतली नाही. ही वाटी गुळगुळीत, आणि दोऱ्याला लाल गाठ, सुरेखाने पोत पदरात ठेवताना मी पाहिलेली. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने गंभीरपणे स्वतःची नाडी बघितली आणि म्हणाला, "मला तरी काही होत नाहीये. जेवायला वाढू का?"

मला मात्र जेवण गोड लागेना. सुरेखाचं नाव निवडीत लागलं होतं. शिबिराला पंधरवड्याने जायचं होतं. सासूला कळलं की सुनेच्या गळ्यात परक्या बाईची पोत आहे आणि सुनेची पोत शहापुरात, तर ती काय म्हणेल हे मला लख्ख दिसत होतं. खेळानेच हे केलं म्हणेल आणि दार लावेल. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. शाळेतून सुट्टी मिळेपर्यंत आठवडा गेला. मग मी एस.टी.ने मुरबाड गाठलं, तिथून माळशेजकडची गाडी धरली आणि वैशाखऱ्याला उतरले. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

ठमाबाई अंगणात वालाच्या शेंगा झोडत होत्या. मला बघून त्यांनी काठी खाली ठेवली. आणि मी बघतच राहिले. ठमाबाईंचा गळा उघडा होता.

म्हणजे त्यांचे मालक गेले? तेवढ्यात ओसरीवरून त्यांचे मालक म्हणाले, "कोन आला गो?" दणदणीत आवाज. मी श्वास सोडला.

"बसा बाय," ठमाबाई म्हणाल्या. "मला वाटला, तुमी येनार नाय. शिकल्याली मानसां, तुमाला काय कळनार, म्हनला."

"तुम्हाला कळलं होतं?"

"त्याच राती. वाटीला दातांचे खड्डे. माझ्या सुनेच्या पोरानी वाटी नाय चावली कंदी, तो माझा कान चावतो." त्या आत गेल्या आणि देवघरातून माझी पोत घेऊन आल्या. हळदीकुंकू लावून ठेवली होती.

"मग सुरेखाच्या गळ्यात?"

"माझी."

मला समजायला वेळ लागला. त्या रात्री त्यांनी सुनेला सांगितलं होतं की तुझ्या पोतीचा दोरा कच्चा झालाय, ओवून घेईपर्यंत माझी घाल. आणि स्वतःच्या गळ्यातली काढून तिच्या गळ्यात घातली होती.

"तिला कळला आसता तर ती भ्याली आसती," ठमाबाई म्हणाल्या. "पाय भ्याला तर धावल कसा? शिबिराला जाचा हाय पोरीला." मग आवाज खाली आणून, ओसरीकडे नजर टाकून म्हणाल्या, "आन तुमाला सांगू का बाय? आठ दिस झाला माझा गळा उघडा हाय. ह्यांना साधा खोकला पन नाय झाला."

मी हसायला गेले आणि रडले. त्या माझी पाठ थोपटत राहिल्या, वालाच्या फोलांनी भरलेल्या हाताने. ज्या बाईने भर मैदानात नियमाला नाही म्हटलं होतं, तिने सुनेच्या एका धावेसाठी स्वतःचा सगळा विश्वास आठ दिवस पणाला लावला होता, आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. माझ्या लग्नात असं एक माणूस असतं तर, असं मला वाटून गेलं. वाटलं ते वाटलं, आता लपवायचं कशाला? निघताना सुरेखाची पोत मी त्यांच्या हातात दिली आणि माझी गळ्यात घातली.

सुरेखा जिल्ह्याला खेळली, त्याच वर्षी राज्याला. भरती झाली, आता ती पोलिसात आहे आणि त्यांच्या महिला संघातून खेळते. भरती झाल्यावरच ठमाबाईंनी तिला पोतींची अदलाबदल सांगून टाकली. तिच्या प्रत्येक सामन्याला जमेल तिथे ठमाबाई हजर असत, पदर पसरून. हळूहळू आमच्या भागात तो रिवाजच झाला. दोरीलगत सासवांची ओळ, मांडीवर पदर, पदरात पोती. टाळ्या वाजवता येत नाहीत म्हणून सगळ्या बायका नुसत्या ओरडतात. बाहेरगावचे पंच मला विचारत, बाई, तुमच्याकडे प्रेक्षकांत इतक्या म्हाताऱ्या कशा? मी म्हणायची, आमच्याकडे दागिने सांभाळायला माणसं लागतात.

गेल्या पावसाळ्यात ठमाबाई गेल्या. सवाष्ण गेल्या. खोकलासुद्धा न झालेले ते गृहस्थ अजून ओसरीवर बसतात आणि कोण आलं ते दणदणीत आवाजात विचारतात.

यंदा म्हशाला मी साडी नेसून गेले. मैदानात शिरायचं नव्हतं, पोलिसांचा संघ खेळायला येणार होता तो बघायचा होता. आता माती जाऊन मॅट आली आहे आणि पंच माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत. एकीच्या पिशवीतून नेलकटर डोकावत होतं, ते बघून बरं वाटलं. मी दोरीलगत बायकांत जागा करून बसले.

तपासणी झाली आणि सुरेखा संघातून निघून दोरीपाशी आली. केसांत थोडं पांढरं दिसायला लागलंय तिच्या. गळ्यातली पोत काढून हातात धरली होती. सवयीने मधल्या जागेकडे बघितलं. तिथे दुसरीच कुणी बसली होती. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिला मी दिसले.

मी पदर पसरला.

तिने पोत त्यात ठेवली. वाट्या गुळगुळीत, मण्यांमध्ये एक जुना, जाड मणी वेगळा ओवलेला. ठमाबाईंच्या पोतीतला. "बाई, या वेळी बदलू नका हां," ती म्हणाली. ओठ हसत होते, डोळे नव्हते.

शिट्टी झाली. पहिल्याच चढाईला ती आत गेली, तोच पाय, तेच परत फिरणं. माझ्या तोंडात शिट्टी नव्हती आणि हातांत टाळ्यांना जागा नव्हती. दोन्ही मुठींत पदर घट्ट धरून, बसल्या जागी, मी उभ्या आयुष्यात ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने ओरडले, "माझी पोर! माझी पोर!"